होंडा सीबी ३५०: लांब स्ट्रोकची संथ चाल, आणि तिच्या शेजारी क्लासिक व जावा

गोल हेडलॅम्प, थेंबाच्या आकाराची टाकी, पत्र्याचे रुंद मडगार्ड आणि पुढच्या फोर्कवर चढवलेली नळकांडी एवढ्या गोष्टी जमवल्या की कोणतीही मोटरसायकल जुन्या काळातली दिसू लागते. गेल्या काही वर्षांत अशा दिसणाऱ्या गाड्या आपल्या बाजारात इतक्या आल्या आहेत, की केवळ रूपावरून त्यांची पारख करणे आता पुरेसे राहिलेले नाही. ज्याने लहानपणी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बुलेटवर किंवा येझदीवर बसून गावाचा रस्ता कापला आहे, त्याच्या मनात त्या गाडीची चाल राहिलेली असते: चढ आला तरी गिअर न बदलता, घाई न करता, एकेक ठोका मोजत वर जाणारे इंजिन. म्हणून रेट्रो म्हणवणारी गाडी चालवून पाहताना मी एकच प्रश्न आधी विचारतो. ताशी ४० ते ८० किलोमीटरच्या दरम्यान, तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये, ही गाडी आपल्याकडून काही न मागता पुढे जाते का? होंडाची सीबी ३५० मी याच प्रश्नासह चालवली, आणि मग त्याच रस्त्यावर रॉयल एनफील्डची क्लासिक ३५० आणि जावा ३५० चालवून तिच्याशी ताडून पाहिली.

शोरूमच्या दारातून निघून पुढच्या चौकाला वळसा घालून परत येणाऱ्या टेस्ट राइडमधून गाडीची उंची, क्लचचा जडपणा आणि हँडलची ठेवण एवढेच कळते. इंजिन गरम झाल्यावर कसे वागते, तासाभराने कंबर काय म्हणते, उतारावर ब्रेक किती विश्वास देतात, हे कळायला रस्ता लागतो. तेव्हा शोरूममधली फेरी झाल्यावर मी ओळखीच्यांच्या गाड्या मागून घेतल्या आणि पुण्याहून कात्रजमार्गे सातारा रस्त्याला लागून, खंबाटकी चढून, सुरूरला वाईकडे वळून, पसरणी घाटाने पाचगणीपर्यंतचा रस्ता निवडला. या एका रस्त्यात शहरातली कोंडी आहे, सरळ महामार्ग आहे, अवजड ट्रकच्या मागे अडकवणारा घाट आहे, आणि पसरणीची ती वळणे आहेत जिथे गाडीचा तोल लपून राहत नाही.

होंडाने ही गाडी नोव्हेंबर २०२३ मध्ये आणली. इंजिन मात्र त्याआधीचे आहे. २०२० च्या सणासुदीच्या तोंडावर आलेल्या हायनेस सीबी ३५० मध्ये ते पहिल्यांदा दिसले, पुढच्या वर्षी सीबी ३५० आरएसमध्ये बसले आणि तिसऱ्या खेपेला या गाडीत आले. हायनेसचे रूप सत्तरच्या दशकातल्या होंडाच्याच सीबी गाड्यांशी नाते सांगणारे होते. सीबी ३५० त्याहून मागे, पन्नास-साठच्या दशकातल्या ब्रिटिश गाड्यांच्या वळणावर जाते. क्लासिक ३५० तिच्या शेजारी उभी केली तर साम्य कोणाच्याही नजरेत भरेल, आणि ते योगायोगाने आले आहे असे मानण्याचे कारण नाही. तरीही जवळून पाहिल्यावर हात वेगळा आहे हे जाणवते. रंगाची सफाई, टाकीखालच्या तारांची बांधणी, मडगार्डच्या कडा, स्विचचा नेमका आवाज या सगळ्यांत एक शिस्त आहे. मला तिचा मॅट हिरवा रंग विशेष आवडला, कारण त्या रंगावर क्रोमची चमक आटोक्यात राहते आणि गाडी समारंभाला निघाल्यासारखी न दिसता रोजच्या वापरातली दिसते.

इंजिनाविषयी मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण या गाडीचे सारे सत्त्व तिथे आहे. सीबी ३५० च्या सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली होण्याची लांबी, ९०.५ मिलिमीटर आहे. हे आकडे जुन्या बुलेटवाल्यांना लगेच ओळखीचे वाटतील. चेन्नईत दशकानुदशके तयार होत आलेल्या ३५० च्या बुलेटचा बोअर ७० आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर होता. ओतीव लोखंडाचे (कास्ट आयर्न) इंजिन जाऊन, इंजिन व गिअरबॉक्स एकाच आवरणात असलेले यूसीई इंजिन आले तेव्हाही ही मापे आणि त्यातून येणारा ३४६ सीसी हा आकडा तसाच राहिला. नोव्हेंबर २०२० मध्ये मीटिअर ३५० सोबत रॉयल एनफील्डने जे-मालिकेचे संपूर्ण नवे इंजिन आणले आणि २०२१ मध्ये तेच क्लासिकमध्ये बसवले. त्यात बोअर ७२ मिलिमीटर झाला आणि स्ट्रोक ८५.८ मिलिमीटरवर आला. म्हणजे बुलेटच्या घराण्याने नव्या काळासाठी जी मापे बाजूला ठेवली, जवळजवळ तीच मापे एका जपानी कंपनीने आपल्या नव्या इंजिनासाठी स्वीकारली. दोन्ही कंपन्यांच्या अभियंत्यांनी आपापल्या कारणांनी हे केले असणार, पण चालवणाऱ्याला त्याचा परिणाम पहिल्या किलोमीटरमध्येच जाणवतो.

लांब स्ट्रोकचा नेमका लाभ काय, हे थोडे उलगडून सांगायला हवे. बोअर लहान असल्याने व्हॉल्व्ह आणि त्यांच्या वाटाही आटोपशीर ठेवाव्या लागतात. त्यामुळे इंजिन हळू फिरत असतानाही आत येणाऱ्या हवेचा वेग चांगला राहतो आणि सिलिंडर नीट भरतो. इंजिनासोबत फिरणाऱ्या जड चाकाला, म्हणजे फ्लायव्हीलला, पुरेसे वजन दिले की दोन स्फोटांमधल्या रिकाम्या वेळात इंजिन अडखळत नाही. याची किंमत वरच्या टोकाला मोजावी लागते, कारण पिस्टनला प्रत्येक फेरीत जास्त अंतर कापावे लागत असल्याने असे इंजिन फार वेगाने फिरवता येत नाही. सीबी ३५० मध्ये ही देवघेव उघडपणे केलेली आहे. सुमारे २९.५ न्यूटन-मीटरचा सर्वोच्च टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, ३००० आरपीएमलाच (मिनिटाला ३००० फेऱ्यांनाच) मिळतो आणि साधारण २१ पीएसची (अश्वशक्तीची) सर्वोच्च ताकद ५५०० आरपीएमला येऊन थांबते. गणित मांडले तर ३००० आरपीएमला या इंजिनाकडे सुमारे १२.५ पीएस हजर असतात, म्हणजे एकूण ताकदीच्या निम्म्याहून बरेच जास्त, आणि शहरातला व घाटातला बहुतेक प्रवास याच पट्ट्यात होतो. क्लासिकचा २७ न्यूटन-मीटरचा टॉर्क ४००० आरपीएमला मिळतो. एक हजार आरपीएमचा हा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण खंबाटकीत उसाने भरलेल्या ट्रॅक्टरच्या मागे ताशी पंचवीसवर आलेली गाडी पुन्हा उचलताना तो स्पष्ट कळतो. सीबी ३५० तिसऱ्या गिअरमध्येच सावकाश उचल घेते. क्लासिकला मी दुसऱ्यात उतरवले, आणि जावाला तर उतरवावेच लागले.

आवाजाबद्दल बोलल्याशिवाय या वर्गातल्या गाडीचे परीक्षण कोणी पूर्ण मानणार नाही. चार स्ट्रोकच्या एका सिलिंडरमध्ये दर दोन फेऱ्यांना एक स्फोट होतो. त्यामुळे गाडी उभ्या जागी हजारेक आरपीएमवर चालू असताना सेकंदाला आठ-नऊ ठोके पडतात आणि कानाला ते वेगवेगळे ऐकू येतात. ३००० आरपीएमला ते पंचवीस होतात आणि एकमेकांत मिसळून त्यांची गुणगुण होते. ज्याला आपण फायरिंग म्हणतो ती म्हणूनच हळू फिरणाऱ्या इंजिनाची देणगी आहे, आणि जी गाडी कमी आरपीएमवर जास्त वेळ चालू शकते तिचीच फायरिंग जास्त ऐकायला मिळते. सीबी ३५० चा सायलेन्सर या बाबतीत सुरेख जमला आहे. आवाज खोल आहे, भरीव आहे, आणि तरीही गल्लीतल्या कोणाची झोप मोडणारा नाही. शोरूममधून गाडी आणल्यावर सायलेन्सर बदलून घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की हा आवाज आहे तसाच राहू द्यावा.

एका सिलिंडरच्या इंजिनात व्हायब्रेशन असणारच. जुन्या बुलेटवर ताशी सत्तरच्या पुढे गेले की हाताला मुंग्या येत, आरशात मागचा रस्ता दिसेनासा होई, आणि लांबच्या प्रवासाला निघणारे लोक पाना सोबत ठेवत. होंडाने इथे बॅलन्सर, म्हणजे उलट हादरा देऊन मूळ हादरा मारणारी वजने, बसवले असून त्यांतला एक गिअरबॉक्सच्या मुख्य शाफ्टवरच घेतला आहे, त्यामुळे इंजिनाचा आकार फार न वाढता हादरे बरेचसे मारले गेले आहेत. क्लासिकच्या जे-मालिकेच्या इंजिनातही बॅलन्सर शाफ्ट आहे, आणि जुनी क्लासिक चालवलेल्या माणसाने नवी चालवली तर दोन्ही एकाच कारखान्यातून आल्या यावर त्याचा विश्वास बसणार नाही. ताशी ८० पर्यंत दोन्ही गाड्या सारख्याच निवांत वाटतात. त्यापुढे, ९० च्या आसपास, सीबी ३५० मला किंचित अधिक शांत वाटली. क्लासिकच्या पायदांड्यांमध्ये तेवढ्या वेगात एक बारीक थरथर सुरू होते, ती त्रासदायक नाही, पण असते.

शहरात सीबी ३५० चे वजन आधी मनात येते. १८७ किलो म्हणजे हलकी गाडी नव्हे. पण सीटची उंची ८०० मिलिमीटर असल्यामुळे साधारण उंचीच्या माणसाचे दोन्ही पाय जमिनीवर टेकतात, आणि गाडी सुटली की वजन कुठे जाते ते कळत नाही. क्लच इतका हलका आहे की स्वारगेटपासून कात्रजपर्यंतच्या गर्दीत डाव्या पंजाला थकवा आला नाही. गिअर लांब पल्ल्याचे ठेवलेले आहेत. पहिल्यात गाडी बरीच पुढे जाते आणि दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर सिग्नल ते सिग्नल सहज भागते. मीटरमधल्या छोट्या पडद्यावर गिअरचा आकडा दिसतो, याचा उपयोग पहिल्या आठवड्यात फार होतो, कारण इंजिन कोणत्याही गिअरमध्ये तक्रार करत नसल्याने आपण नेमके कितव्यात आहोत याचा विसर पडतो. गाडी फक्त हवेवर थंड होते, त्यामुळे मे महिन्यातल्या दुपारी उजव्या गुडघ्याशी ऊब जाणवेल हे गृहीत धरावे. मी चालवली त्या दिवसांत ती सुसह्य होती.

महामार्गावर मात्र याच लांब गिअरांचा दुसरा चेहरा दिसतो. पाचव्या गिअरमध्ये ताशी ८० ला इंजिन इतके सावकाश फिरत असते की प्रवास अत्यंत आरामाचा होतो, पण त्या वेगात पुढच्या कंटेनरला ओलांडायचे ठरवले तर चौथा गिअर घ्यावाच लागतो, आणि घेतल्यावरही गाडी झेपावत नाही, ती हळूहळू वेग गोळा करते. ज्याला आधीपासून अंदाज घेऊन, मोकळी जागा पाहून ओलांडण्याची सवय आहे त्याला यात काही वावगे वाटणार नाही. ज्याला पुणे ते कोल्हापूर हे अंतर घड्याळाशी शर्यत लावून कापायचे आहे, त्याने या तिन्ही गाड्या सोडून दुसरीकडे पाहावे.

पसरणी घाटात मला सीबी ३५० चा खरा आनंद मिळाला. पुढचे चाक १९ इंची आणि मागचे १८ इंची असल्यामुळे गाडी वळणात चपळाईने शिरत नाही, तिला किंचित आधी सांगावे लागते. पण एकदा कलली की ती त्याच रेषेवर शेवटपर्यंत राहते, मध्येच रस्त्याचा ठिगळ आला तरी विचलित होत नाही. तिसऱ्या गिअरमध्ये वळण, सरळ तुकडा, पुन्हा वळण, असा सलग ठेका धरता येतो. थ्रॉटल उघडल्यावर मिळणारी ओढ इतकी सम असते की डाव्या हाताला आणि डाव्या पायाला काम उरत नाही, आणि नजर रस्त्यावरून, पुढे दरीच्या बाजूला पसरलेल्या धोम धरणाच्या पाण्याकडे अधूनमधून जाऊ शकते. घाट उतरताना स्लिपर क्लचचा उपयोग कळतो: घाईने खालचा गिअर टाकला तरी मागचे चाक उडत नाही. पुढची डिस्क ३१० मिलिमीटरची आहे आणि तिची पकड हळुवार सुरू होऊन वाढत जाणारी आहे, म्हणजे दोन बोटांनी वेग हवा तेवढाच कमी करता येतो. मागचे चाक घसरू लागले तर इंजिनाची ताकद क्षणभर आवरणारी यंत्रणाही होंडाने दिली आहे. या ताकदीच्या गाडीला तिची गरज काय, असे कोरड्या रस्त्यावर वाटू शकते. पण जुलैत शेवाळ धरलेल्या घाटरस्त्यावर किंवा उसाच्या हंगामात चिखल सांडलेल्या वळणावर ज्याने गाडी नेली आहे, त्याला ती गैरलागू वाटणार नाही.

मागचे शॉकअब्सॉर्बर थोडे ताठ आहेत. एकट्याने जाताना गावागावांतले उंच गतिरोधक कमरेला जाणवतात. मागे कोणी बसले की गाडी मऊ होते. क्लासिकने हीच गोष्ट अधिक चांगली साधली आहे.

क्लासिक ३५० ही आज या वर्गाची मोजपट्टी आहे, आणि तिच्याशी तुलना न्यायाने करायला हवी. तिचे वजन १९५ किलो, सीटची उंची ८०५ मिलिमीटर, टाकी १३ लिटरची. ताकद सीबी ३५० एवढीच, विसाच्या आसपास. नव्या चौकटीमुळे ती सरळ रस्त्यावर रुळावरून धावल्यासारखी स्थिर असते. जुन्या क्लासिकला वळणात जी एक डळमळ होती ती पूर्णपणे गेली आहे. खराब रस्त्यावर तिची सीट आणि मागचे शॉकअब्सॉर्बर मिळून जो आराम देतात तो सीबी ३५० पेक्षा सरस आहे, हे मी निःसंकोच मान्य करतो. वाईच्या पुढे रस्त्याचे काम चाललेल्या तुकड्यावर हा फरक पाठीनेच सांगितला. तिच्या हँडलवरून दिसणारे दृश्य, हेडलॅम्पच्या दोन बाजूंचे ते छोटे पायलट दिवे, टाकीवरची रेघ, या गोष्टींमागे एक अखंड वारसा आहे आणि होंडाने कितीही सफाईने गाडी घडवली तरी तो वारसा तिला उसना आणता येणार नाही. वारशाला मोल नाही असे मी म्हणणार नाही. ज्याच्या घरात आजोबांपासून बुलेट आहे, जो अजूनही सकाळी पहिली किक मारण्याआधी अँपिअरचा काटा मध्यावर आणण्याची आठवण सांगतो, त्याने क्लासिकच घ्यावी, आणि ती घेताना आपण काही गमावले असे त्याने मुळीच समजू नये.

मात्र मी सुरुवातीला जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर सीबी ३५० अधिक ठामपणे देते. जुन्या बुलेटची ती संथ, न थकणारी ओढ नव्या क्लासिकमध्ये आहे, पण थोडी वर सरकलेली आहे; तिला मोकळे वाटायला थोडे जास्त आरपीएम लागतात. सीबी ३५० मध्ये ती अगदी तळापासून आहे. चढावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ३५ ला थ्रॉटल उघडले तेव्हा होंडाचे इंजिन न कण्हता वर निघाले, आणि त्या क्षणी मला जुन्या कास्ट आयर्न बुलेटची आठवण जितक्या तीव्रतेने झाली तितकी अलीकडच्या कोणत्याही गाडीवर झाली नव्हती.

जावा ३५० चा स्वभाव या दोघींपेक्षा निराळा आहे. जावा हे नाव मूळ चेकोस्लोव्हाकियातले, १९२९ सालचे. भारतात म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने साठच्या दशकाच्या आरंभापासून या गाड्या बनवल्या, पुढे त्या येझदी नावाने विकल्या गेल्या आणि १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला. महिंद्राचे भांडवल असलेल्या क्लासिक लेजेंड्सने नोव्हेंबर २०१८ मध्ये जावा परत आणली. जुनी जावा दोन स्ट्रोकची होती. तिचा किक मारण्याचा दांडा पुढे दाबून गिअरचा दांडा होत असे आणि तिच्या दोन सायलेन्सरांतून निघणारा धूर व तो टणत्कार कॉलेजच्या आवारात दुरूनच ओळखू येई. जानेवारी २०२४ मध्ये आलेली जावा ३५० चार स्ट्रोकची, पाण्यावर थंड होणारी, सहा गिअरची गाडी आहे. ३३४ सीसीच्या इंजिनातून साडेबावीस पीएस ७००० आरपीएमला आणि सुमारे २८ न्यूटन-मीटर ५००० आरपीएमला मिळतात. या आकड्यांतच तिची चाल लिहिलेली आहे. तिला फिरवावे लागते, आणि फिरवले की ती या तिघींत सर्वांत उत्साही आहे. महामार्गावर ताशी ८० वरून १०० वर जाताना तिने दोघींना सहज मागे टाकले असते; सहावा गिअर असल्यामुळे त्या वेगातही ती सुटसुटीत राहते. दोन चाकांमधले अंतर १४४९ मिलिमीटर असल्याने सरळ रस्त्यावर तिचा तोल पक्का आहे, आणि दोन बाजूंचे दोन सायलेन्सर मागून पाहताना फार देखणे दिसतात. माझ्या मते रूपाच्या बाबतीत या तिघींत जावा सर्वांत पुढे आहे. मरून रंगाची टाकी आणि तिच्या बाजूंची क्रोमची पट्टी यांना तोड नाही. पण संथपणा हा तिचा गुण नाही. ज्याला जुने रूप आणि आजची धाव दोन्ही हवे आहे त्याच्यासाठी ती उत्तम आहे; ज्याला चालही जुनी हवी आहे त्याच्यासाठी नाही.

चौथे नाव घेतल्याशिवाय आपल्याकडची कोणतीही चर्चा संपत नाही, आणि ते म्हणजे आपल्या चाकणच्या बजाजच्या कारखान्यात तयार होणारी ट्रायम्फ स्पीड ४००. जुलै २०२३ मध्ये ती आली तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत २ लाख ३३ हजार रुपये होती, आणि ३९८ सीसी, ४० पीएस, सहा गिअर व १७ इंची चाके इतके सगळे त्या किमतीत मिळत असल्याने अनेकांनी या वर्गाकडे पाहणेच सोडून दिले. ती अप्रतिम गाडी आहे. पण तिच्यात जुने काही असेल तर ते टाकीच्या रेषेपुरते आहे. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्याहून मोठ्या इंजिनांवरचा कर ४० टक्के झाला, त्यामुळे ३४८, ३४९ आणि ३३४ सीसीच्या या तिन्ही गाड्यांना जो दिलासा मिळाला तो ४०० च्या गाड्यांच्या वाट्याला आला नाही. सीबी ३५० आली तेव्हा तिच्या डीएलएक्स प्रकाराची एक्स-शोरूम किंमत २ लाखांना शंभर रुपये कमी होती आणि जावा ३५० सुमारे २ लाख १५ हजारांना आली होती. आता प्रत्यक्ष भाव शोरूममध्ये विचारूनच ठरवावा, कारण विमा आणि नोंदणी धरून होणारा आकडा शहरागणिक बदलतो.

रोजच्या उपयोगाच्या दोन-तीन गोष्टी खरेदीच्या वेळी हमखास सुटतात. पहिली टाकीची. सीबी ३५० मध्ये १५.२ लिटर पेट्रोल मावते आणि महामार्ग व घाट धरून मला लिटरला पस्तीसच्या आसपास अॅव्हरेज मिळाले, म्हणजे टाकी भरून निघाल्यावर पाचशे किलोमीटरपर्यंत पंप शोधावा लागत नाही. क्लासिक आणि जावाच्या टाक्या तेरा लिटरच्या घरातल्या आहेत. दुसरी चाकांची, आणि ती अधिक महत्त्वाची आहे. सीबी ३५० ला अलॉय चाके आणि ट्यूबलेस टायर आहेत. क्लासिकच्या बहुतेक प्रकारांत तारांची चाके आणि आत ट्यूब येते, अलॉय हवी असतील तर ठरावीक प्रकार निवडावा लागतो. तारांचे चाक या रूपाला शोभते यात वाद नाही. परंतु ट्यूबचा टायर घाटात पंक्चर झाला तर चाक उतरवण्यापासून सगळे करावे लागते आणि पंक्चरवाला मिळेपर्यंत गाडी हलवता येत नाही. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा तसाच ठेवून, हवा भरून पुढचे गाव गाठता येते. जो कुटुंबासह प्रवास करणार आहे त्याने या मुद्द्यावर रूपाला दुसरा क्रमांक द्यावा असे मला मनापासून वाटते.

तिसरी गोष्ट डबलसीटची. आपल्याकडे ही गाडी एकट्यासाठी क्वचितच घेतली जाते. घरातली माणसे मागे बसणार, त्यांत साडी नेसून एका बाजूला बसणारी आई किंवा आजीही असणार, आणि त्यांचे मत टेस्ट राइडच्या दिवशी कोणी विचारत नाही. सीबी ३५० ची मागची सीट पुरेशी रुंद आहे आणि धरायला मागे दांडी आहे, पण तिचा फोम क्लासिकपेक्षा घट्ट आहे. तासाभराच्या प्रवासानंतर मागे बसणाऱ्याने थांबायला सांगितले तर नवल वाटू नये. क्लासिकची मागची सीट अधिक आरामाची आहे. जावाची सीट सलग, सपाट आणि लांब असल्याने दोघांना सरकून बसायला जागा मिळते.

हे सगळे मांडून झाल्यावर माझी पसंती सीबी ३५० ला आहे, आणि तिच्या डीएलएक्स या साध्या प्रकाराला आहे, कारण डीएलएक्स प्रोमधली फोन जोडण्याची सोय मला या गाडीवर आवश्यक वाटत नाही आणि इंजिन व ब्रेक दोन्हींत तेच आहेत. या पसंतीला एक अट मात्र आहे. होंडा या गाड्या आपल्या नेहमीच्या सगळ्या दुकानांतून विकत नाही, बिगविंग नावाच्या वेगळ्या शोरूममधून विकते, आणि ती शोरूम शहरांत आहेत. याउलट रॉयल एनफील्डचे सर्व्हिस सेंटर तालुक्याच्या गावीही सापडते, आणि ते नसले तरी बुलेट उघडून बसवणारा मिस्त्री सापडतो. पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर अशा ठिकाणी राहणाऱ्याला हा प्रश्न पडणार नाही. पण ज्याचे गाव आजऱ्याच्या पलीकडे आहे किंवा भामरागडच्या वाटेवर आहे, त्याने घरापासून सर्व्हिस सेंटरचे अंतर आधी मोजावे, आणि ते एका दिवसात जाऊन-येऊन होण्यासारखे नसेल तर क्लासिकची अलॉय चाकांची गाडी बुक करावी.